आधी चाक खाली आणायचं

शनिवार, रात्र

व्हीली, म्हणजे मोटरसायकल नुसत्या मागच्या चाकावर चालवणं, शिकायला निघालेली मुलं सगळ्यात आधी विचारतात, पुढचं चाक उचलायचं कसं. खरं तर उचलणं हा त्यातला सोपा भाग. उचललेलं चाक हवं तेव्हा खाली आणता येणं हे खरं कसब, आणि ते काम मागच्या ब्रेकचं आहे. म्हणून उद्याच्या सरावाची तयारी लिहिताना सुरुवात ब्रेकपासून.

पुढचं चाक हवेत असताना मागचा ब्रेक दाबला की मागचा टायर जमिनीला धरून गाडीला मागे ओढतो. वरचं वजन मात्र पुढे जात राहतं आणि चाक झटकन खाली बसतं. थ्रॉटल (उजव्या हाताचा ॲक्सिलरेटर) सोडूनही चाक खाली येतं, पण तोलाच्या जागेच्या अलीकडे असलात तरच त्यावर भरवसा ठेवता येतो. गाडी आणि माणूस यांचं एकत्रित वजन मागच्या एक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) बरोबर वर आलं की ती तोलाची जागा. लहान गाड्यांवर, बसून चालवताना, ती साधारण ५० ते ६० अंशांच्या आसपास येते. तिच्या पलीकडे गाडी मागे पडायला लागते आणि तेव्हा उजवा पाय पेडलवर नसेल तर उपाय उरत नाही. पाय शोधायला लागणारा अर्धा सेकंदही तिथे फार होतो.

यासाठी पेडलची उंची आधी नीट लावायची. सीटवर बसून, घोट्याच्या वर जाणारा जाड बूट घालून, पाय फुटरेस्टवर ठेवला की चवडा पेडलला नुसता टेकलेला असला पाहिजे. पेडल उंच असेल तर पाय सतत उचलून धरावा लागतो, पोटरी दुखते आणि नकळत पाय काढून घेतला जातो. खाली असेल तर ब्रेक लागेपर्यंत घोटा पूर्ण वाकतो. ड्रम ब्रेकच्या गाडीला पेडलची मोकळीक साधारण २० ते ३० मिमी सांगितलेली असते. ती २० च्या जवळ ठेवावी. मग गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवून बघावं. लायनर (ड्रमला आतून टेकणारी ब्रेकची पट्टी) घासत असेल तर ड्रम तापतो आणि ऐन वेळी ब्रेक मऊ पडतो.

गाडी कोणती, यावरही बरंच अवलंबून आहे. १२५ सीसीपर्यंतच्या अलीकडच्या बहुतेक गाड्यांना सीबीएस (जोडलेले ब्रेक) असतं, म्हणजे मागचं पेडल दाबलं की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. चाक हवेत असताना पेडल दाबलं तर पुढचं चाक फिरायचं थांबतं, आणि पाय तसाच दाबून धरला तर थांबलेलं चाक जमिनीवर टेकतं. हँडलला असा हिसका बसतो की नवशिका तिथेच आडवा होतो. अशा गाडीवर शिकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. २०० सीसीची, मागे डिस्क आणि फक्त पुढच्या चाकाला एबीएस (ब्रेक लागताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेली गाडी या कामाला चांगली. हिरोची एक्सपल्स २०० या प्रकारात बसते: १९९.६ सीसी, पुढे २१ इंची चाक, लांब प्रवासाचे शॉकॲब, आणि पडली तरी फार मोडतोड न होणारी बांधणी. जुनी आरएक्स १०० वजनाला हलकी आहे, पण टू-स्ट्रोकची ताकद एकदम येते. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) चढताच चाक अचानक वर जातं, म्हणून ती शिकायला नको. स्प्लेंडरच्या ९७ सीसी इंजिनाकडून व्हीली काढून घ्यायची म्हणजे क्लच जाळणं.

व्हीलीत क्लचवर एवढा भार का येतो? पहिल्या गिअरमध्ये २०० सीसीची गाडी नुसत्या थ्रॉटलवर ज्या जोराने पळते, तेवढ्यावर पुढचं चाक जेमतेम हलकं होतं. उरलेला जोर क्लच देतो. क्लच दाबून इंजिन फिरवलं की क्रँक आणि मॅग्नेट या इंजिनाच्या जड फिरत्या भागांत ऊर्जा साठते, आणि लिव्हर सोडताच ती एका क्षणात मागच्या चाकाकडे जाते. त्यात पुढचे शॉकॲब नेमके वर उसळत असताना क्लच सुटला तर कमी थ्रॉटलमध्ये काम होतं. हँडल ओढून चाक उचलायचं नाही. ओढलं तर एक हात जास्त जोर लावतो आणि चाक वाकडं वर जातं.

पुढचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) एका दाताने लहान करायची सूचना सगळे देतात. १४ चं १३ केलं तर ओढ साधारण ८ टक्क्यांनी वाढते आणि चाक सहज उठतं. पण सहज उठणारं चाक नवशिक्याला घातकच. ब्रेकचा पाय पक्का होईपर्यंत कंपनीचंच स्प्रॉकेट राहू द्यावं.

रविवार

जागा सपाट, कडक आणि कोरडी हवी. सुटा मुरूम असेल तर मागचं चाक घसरतं आणि पुढचं उठतच नाही. मग माणूस थ्रॉटल वाढवत जातो, पुढे कुठेतरी टायर अचानक पकड घेतो आणि गाडी उभी होते. दीड-दोनशे मीटर सरळ पट्टा, शक्यतो किंचित चढाचा, आणि मालकाची परवानगी असलेली खाजगी जागा. सार्वजनिक रस्ता नाही, पहाटेचा रिकामा असला तरी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्याला पहिल्याच गुन्ह्यात सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १००० ते ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. चालवणारा १८ च्या आतला असेल तर कलम १९९ अ नुसार पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, शिवाय गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, रस्त्यावर पडलेल्या माणसामागून येणाऱ्या ट्रकला ब्रेक मारायला जागा नसते.

आयएसआय खुणेचं फुल-फेस हेल्मेट, पाठीचा गार्ड, कोपर आणि गुडघ्याचे गार्ड, हातमोजे. मागे पडताना आधी माकडहाड आणि मनगटं आपटतात, म्हणून जाड पॅन्टच्या आत कमरेखालचं पॅडिंगही घालावं. सोबत एक जण हवाच. त्याने पट्ट्याच्या बाजूला, दहा-बारा मीटर लांब उभं राहायचं, पुढे किंवा मागे नाही. फोनवर बाजूने चित्रीकरण करायचं आणि गरज पडली तर १०८ ला फोन लावायचा.

टायरमधली हवा मागे २० ते २२ पीएसआयपर्यंत उतरवली की टायर रुंद बसतो आणि गाडी डावी-उजवीकडे कमी डोलते. ट्यूबच्या टायरमध्ये त्याहून खाली जाऊ नये, टायर रिमवर सरकून व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. घरी परतण्याआधी हवा पुन्हा भरायची.

पहिला अर्धा तास चाक उचलायचंच नाही. पहिल्या गिअरमध्ये ताशी १० किमीने जायचं, थ्रॉटल थोडा उघडा ठेवून चवड्याने ब्रेक दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा. हात आणि पाय एकमेकांविरुद्ध काम करताहेत हे अंगात मुरलं पाहिजे. एरवी रस्त्यावर आपण थ्रॉटल सोडूनच ब्रेक मारतो. ती सवय इथे मोडायची आहे.

मग बसण्याची जागा. टाकीपासून एक वीत मागे, गुडघे टाकीला धरलेले, हात जवळजवळ सरळ पण कोपरं सैल. थ्रॉटलची मूठ मनगट खाली ठेवून धरायची नाही. कोपर उचलून, मनगट किंचित वर ठेवून मूठ धरायची. कारण चाक उठलं की धड मागे जातं, हात ताणले जातात आणि मनगट खाली ओढलं जातं, म्हणजे थ्रॉटल आपोआप आणखी उघडतो. घाबरलेला माणूस मूठ घट्ट आवळतो आणि तो आणखी उघडतो. पाठीवर पडलेल्यांच्या चित्रफिती सावकाश बघितल्या की बऱ्याचदा हेच दिसतं.

आता उचलणं. ताशी १० ते १५ किमी, पहिला गिअर, वेग स्थिर. दोन बोटांनी क्लच दाबायचा, आरपीएम ५००० च्या आसपास आणायचा, आणि लिव्हर पकड येते तिथपर्यंत झटकन सोडायची. लिव्हर पूर्ण फेकून द्यायची नाही. चाक वीतभर उठलं की लगेच ब्रेक. उठलं नाही तरीही ब्रेक. क्लच सुटला की पाय दाबला जायलाच हवा, मधे विचार यायला नको. चाक उठत नसेल तर एका वेळी ५०० आरपीएमच वाढवायचे, आणि बदल फक्त एकाच गोष्टीत: आरपीएम वाढवले तर बसायची जागा तीच, जागा बदलली तर आरपीएम तेच.

उंची चित्रफितीवर मोजायची. चालवणाऱ्याला वीतभर उठलेलं चाक गळ्यापर्यंत आल्यासारखं वाटतं, हा अंदाज सगळ्यांचाच चुकतो. वीतभर उंचीवर दहा वेळा ओळीने ब्रेकने चाक खाली आलं, की मग दोन विती. नजर चाकावर नको. हँडलच्या बाजूने पुढच्या पट्ट्यावर.

खाली येताना दोन गोष्टी. ब्रेकने चाक उतरायला लागलं की पाय हलका करायचा आणि थ्रॉटल किंचित उघडा ठेवायचा, म्हणजे चाक आपटत नाही, बसतं. आणि हँडल सरळ. हवेत ते वळलेलं असेल तर टेकताना गाडी त्या बाजूला फेकते. गाडी हवेत डावीकडे कलत असेल तर हँडल वळवून काही होत नाही. उजव्या फुटरेस्टवर भार द्यावा, नाहीतर खाली आणून नव्याने सुरू करावं. दुसरं जास्त शहाणपणाचं.

कधीतरी गाडी मागे जाईलच. ब्रेक चुकला आणि ती उभी राहिली तर हँडल सोडून पायांवर उतरायचं. गाडी वाचवायला धरून ठेवणारा माणूस तिच्याखाली येतो.

दर दहा-बारा वेळा क्लच मारून झाल्यावर इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबावं. क्लचच्या प्लेटा तापून फुगल्या की लिव्हरची मोकळीक वाढते. थंड झाल्यावर ती पुन्हा १० ते २० मिमीवर यायला हवी. उलट, थंड असतानाही मोकळीक कमी होत चालली असेल तर प्लेटा झिजताहेत. ऑइल जेएएसओ एमए२ (मोटरसायकलच्या तेलात बुडलेल्या क्लचसाठीचा दर्जा) दर्जाचंच आणि पातळी वरच्या खुणेला: गाडी उभी झाली की ऑइल मागे जातं, पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो. कारचं ऑइल ओतलं तर क्लच घसरतो. क्लच केबल लिव्हरजवळच्या टोकाला तपासावी. तिथे एकेक तार तुटायला लागली की बदलायची. चेनचा ढिलेपणा पुस्तकात सांगितला असेल तितकाच. मागच्या हबमधले (चाकाच्या मधल्या भागातले) रबर क्लचच्या धक्क्यांनी चेपतात. चाक धरून स्प्रॉकेट पुढे-मागे हलवलं की ढिलाई हाताला कळते.

शेवटी कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. वारंवार आपटल्याने त्याच्या वाटीत छर्ऱ्यांचे खड्डे पडतात. पुढचं चाक उचलून हँडल एका बोटाने हळू फिरवावं. बरोबर मध्यावर ते अडकल्यासारखं थांबलं तर सेट गेला, घट्ट करून भागत नाही, बदलावाच लागतो. शॉकॲबच्या नळीवर तेलाची ओली रेघ दिसली तर त्याच खेपेला ऑइल सील बदलून घ्यावेत.