वर्गणीतून उभा राहिलेला भयपट

पिट्सबर्गहून उत्तरेला पाऊण तास गाडी चालवली की इव्हान्स सिटी हे छोटे गाव लागते. तेथील टेकडीवरच्या दफनभूमीत मी गेल्या महिन्यात बराच वेळ थांबलो, कारण १९६८ साली प्रदर्शित झालेल्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मधील बहीण-भाऊ वडिलांच्या थडग्यावर पुष्पचक्र वाहायला येतात, तो पहिला प्रसंग येथेच चित्रित झाला होता.

दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो आणि त्यांचे मित्र तेव्हा पिट्सबर्गमध्ये जाहिरातपट बनवून पोट भरत होते. आपल्याकडे हौशी मंडळी नाटकासाठी वर्गणी काढतात, त्याच रीतीने दहा जणांनी प्रत्येकी ६०० डॉलर घालून सुरुवात केली, आणि एकूण खर्च सुमारे १,१४,००० डॉलरवर गेला. निर्मात्यांपैकी कार्ल हार्डमन आणि रसेल स्ट्रायनर स्वतःच भूमिकांत उभे राहिले, तर हार्डमन यांच्या पत्नीची भूमिका करणाऱ्या मॅरिलिन ईस्टमन यांनी रंगभूषेचाही भार उचलला. शेतावरचे जे घर पाडले जाणार होते तेच त्यांनी चित्रीकरणासाठी घेतले, त्यामुळे खिडक्यांवर खुशाल फळ्या ठोकता आल्या. चित्रफीत कृष्णधवल असल्याने चॉकलेट सिरप रक्त म्हणून सहज खपून गेले. मला मात्र सर्वांत मोलाची वाटते ती ड्वेन जोन्स यांची निवड. चाचणीत ते सर्वांत सरस ठरले म्हणून नायकाची भूमिका एका कृष्णवर्णीय नटाला मिळाली, आणि त्या काळच्या अमेरिकेत हे फार क्वचित घडत असे.

या मंडळींना कष्टाचे चीज मात्र नीट मिळाले नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते. वितरकाने चित्रपटाचे नाव बदलताना स्वामित्वहक्काची ओळ नव्या नावाच्या पाटीवर घालायची राहून गेली, आणि तत्कालीन कायद्यानुसार तो तत्काळ सर्वांसाठी खुला झाला. त्यानंतर कोणीही तो दाखवावा, विकावा, अशी स्थिती झाली.

दफनभूमीतले छोटे चॅपल पुढे पाडण्याच्या बेतात होते. याच चित्रपटाचे ध्वनिमुद्रण सांभाळणारे गॅरी स्ट्रायनर यांनी त्यासाठी मोहीम उभारली, चाहत्यांनी पैसे पाठवले, आणि डागडुजी झालेले ते चॅपल आज टेकडीवर उभे आहे.