गळू दे, थांबेल तिथे बघू

शनिवार, रात्री

शाळेला सुट्टी लागली की माझ्या दुपारी पार्ल्याला आत्याकडे जातात. यंदाच्या तिच्या जकुझीने, म्हणजे भिंतीतल्या तोंडांतून (जेटमधून) अंगावर पाण्याच्या धारा सोडणाऱ्या गरम पाण्याच्या टबाने, खाल्ल्या. काका बोटीवर चीफ इंजिनिअर होते. निवृत्त होताना त्यांनी सहा माणसं बसतील असं हे ॲक्रिलिकचं प्रकरण कंटेनरमधून मागवलं आणि बंगल्याच्या मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या फरशीवर बसवलं. अख्ख्या गल्लीत त्याची चर्चा होती म्हणे. आता काका नाहीत, टब वीसेक वर्षांचा झालाय आणि गळतोय.

जमिनीवर बसवला हे काकांचं शहाणपण. टब भरला की बाराशे लिटर पाणी, म्हणजे चौरस मीटरला तीनशे किलो नुसत्या पाण्याचेच. टबाचं आणि आत बसणाऱ्यांचं वजन वेगळं. माणसं वावरतील अशा गच्चीचा स्लॅब साधारण दीडशे किलोच्या हिशोबाने बांधतात. हौसेपोटी टेरेस फ्लॅटवर टब चढवणाऱ्यांच्या खालच्या मजल्यावर मी तरी राहणार नाही.

बाहेर घामाच्या धारा आणि आम्ही गरम पाण्याच्या टबाच्या मागे, हे चमत्कारिक आहे खरं. मे महिन्यात हीटर बंदच असतो. पण आत्याचे गुडघे पाऊस लागला की धरतात. पूर्वी ती वज्रेश्वरीजवळ अकलोलीला, तानसेच्या काठच्या कुंडांवर जायची. आता पायऱ्या उतरवत नाहीत. डॉक्टरांनी कोमट पाण्यात पंधरा मिनिटं बसायला परवानगी दिलीय, तेवढ्यावर तिचा पावसाळा निघतो.

तशी या यंत्राची जन्मकथाही सांध्यांचीच आहे. इटलीहून कॅलिफोर्नियात गेलेले जकुझी बंधू आधी विमानाचे पंखे बनवायचे, मग शेतीसाठी विहिरीचे जेट पंप. त्यांच्यातल्या कँडिडोच्या लहान मुलाला संधिवात झाला. त्याला घरच्याच टबात शेक मिळावा म्हणून कँडिडोने पाण्यात सोडायचा छोटा पंप केला, तो १९५६ मध्ये बाजारात आला. जेट आणि पंप टबातच बसवलेले असा टब १९६८ मध्ये त्यांच्याच घरातल्या रॉयने केला. म्हणजे मूळचा हा शेतीपंपवाल्यांचा धंदा. हे कळल्यापासून मला त्या टबाचा धाक उरलेला नाही.

नातेवाइकांचं मत एकच. बंगला रिडेव्हलपमेंटला जाणार, बिल्डरशी बोलणी चालू आहेत, कशाला पैसे घालता? आत्या म्हणाली, "जाईल तेव्हा जाईल. या पावसाळ्यात गुडघे काय बिल्डरकडे ठेवू?"

रविवार

प्लंबर आले. केंद्रापाड्याचे. मुंबईत प्लंबर शोधायला निघालं की माणूस बऱ्याचदा ओडिशातल्या केंद्रापाड्याचाच निघतो आणि सहसा कामाचा निघतो. मेन स्विच बंद करून बाजूचं पॅनल काढलं. आत पंप, हीटरची नळी, कोळ्यांची जाळी, आणि पंपाखाली पांढऱ्या क्षारांची कड धरलेला ओला डाग. त्यांनी बॅटरी मारली आणि दोन सेकंदांत निकाल दिला, "मॅडम, सील गया है. पंप ही बदल डालो."

सील, म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्याभोवतून पाणी बाहेर येऊ न देणारी कडी, गेलं असेलच. ती कड काही एका दिवसात धरत नाही. पण टबातलं पाणी दिवसाला तीन सेंटिमीटर उतरतंय. आतल्या आकाराचा अंदाज घेतला तर एका सेंटिमीटरला पस्तीसेक लिटर, म्हणजे रोजचे शंभर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं असं नगरपालिकांचं गणित असतं. आत्याकडे एक अदृश्य पाहुणा राहून आंघोळ-धुणं करतोय म्हणायचं. त्या डागाखाली थेंब पडत होते, तेही सवडीने. थेंबाथेंबाने शंभर लिटर जात नाहीत.

त्यांना चहा देऊन दोन दिवस थांबायला सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही. काम समोर दिसत असताना बाई थांबा म्हणते म्हणजे दुसरा प्लंबर बघतेय, असा चेहरा करून गेले.

मंगळवार

टबाच्या पायरीवर टबातलंच पाणी भरून एक बादली ठेवली. बादलीला आतून आणि टबाला कडेला चिकटपट्टी लावून खूण केली. वाफ होऊन जायचं ते दोन्हीतून सारखंच जाईल, जास्तीचं जे उतरेल ती गळती. पहिली रात्र पंप बंद ठेवला. दुसऱ्या रात्री चालू.

बादलीतलं पाणी जवळजवळ जागचं हललं नाही. टब पंप बंद असतानाही तितकाच उतरला. पंप चालू असताना किंचित जास्त, बोटाच्या पेराएवढाही फरक नाही. तो किंचित फरक म्हणजे प्लंबरने दाखवलेलं सील. खरा चोर दुसराच आहे आणि त्याला पंपाची गरज नाही.

आता जी तपासणी करायची ती सांगायला अगदी सोपी. वीज बंद करायची, पाणी भरायचं नाही आणि टब गळू द्यायचा. पाणी भोकाच्या पातळीला पोचलं की आपोआप थांबतं.

मुंबईत, मे महिन्यात, हे करून बघा. पेपरात रोज सात तलावांचा साठा छापून येतोय, पाणीकपातीची भाषा चाललीय, आणि इथे एक विज्ञानाची बाई सांगतेय की गळू दे. आत्या मूळची गिरगावातल्या चाळीतली. पहाटे नळ यायचा तेव्हा रांगेत कळशी लावून मोठी झालेली. तिने मला असं पाहिलं की मी देव्हाऱ्यात चप्पल घालून शिरलेय. "वरचं पाणी बादल्यांनी काढून घेऊ, निदान फरश्या तरी धुऊ." काढलं तर कुठे थांबलं ते कळणार कसं?

शेवटी तडजोड झाली. टबाच्या बुडाखालून पाणी जिथून बाहेर येत होतं तिथून खुरप्याने माडाच्या आळ्यापर्यंत पाट काढला. क्लोरीन टाकणं मागच्या आठवड्यापासूनच बंद होतं, त्यामुळे झाडाला त्रास नाही. पाट ओला दिसल्यावर आत्या निवळली. घरकामाच्या मावशी म्हणाल्या, हौद फुटला पण माड धार्जिणा.

शुक्रवार

थांबलं.

आधी पटापट उतरत होतं, मग रोज कमी कमी. भोकावरचं पाणी कमी झालं की दाब कमी होतो, तेव्हा शेवटची दोन बोटं फार वेळ खातात. आत्या रोज सकाळी पेपरातली भातसा धरणाची पातळी आणि पाठोपाठ टबाची पातळी फोनवर वाचून दाखवत होती. काल आणि आज पट्टी एकाच रेघेवर.

ही रेघ मिळाली की अर्धा तपास संपतो. तिच्या खाली जे जे आहे ते सगळं निर्दोष: तळाची चावी, दिवा, पाणी ओढणाऱ्या जाळ्या, हीटरचे जोड. यातलं काहीही फुटलं असतं तर पाणी इथे थांबलंच नसतं. उरले ते पाठीला लागणारे जेट आणि त्यांच्या मागचे पाइप. पण ते चारी बाजूंना आहेत.

म्हणून जिलेबीत घालतात तो केशरी रंग पाण्यात कालवला आणि सुई काढलेल्या सिरिंजमध्ये भरला. टबात थोडं पाणी ओतून पातळी रेघेच्या दोन बोटं वर आणली. पाणी पूर्ण स्थिर व्हायला हवं, म्हणून आम्ही दोघी काठावर गप्प बसलो. आत्याने गप्प बसणं हा या सगळ्यातला सर्वात अवघड भाग. मग एकेका जेटच्या तोंडाशी रंगाचा थेंब सोडला. बहुतेक ठिकाणी रंगाची रेघ तशीच लोंबत राहिली, पसरत पसरत फिकी झाली. कोपऱ्यातल्या, काका बसायचे त्या जागेच्या, खालच्या जेटशी मात्र ती हळूच वाकली आणि आत शिरली. पुन्हा सोडली, पुन्हा वाकली. आत्या ओरडली, "गेली बघ, गेली!"

त्या बाजूचं पॅनल काढलं तर आत पिवळा फोम भिंतीसारखा भरलेला. थंड देशात उष्णता टिकावी म्हणून पाइपांभोवती तो फवारतात. शोधणाऱ्याचा मात्र तो वैरी, कारण पाणी एका जागी गळतं, फोमातून वाट काढतं आणि भलतीकडे बाहेर येतं. पाट काढला होता ती जागा इथून टबाच्या पार दुसऱ्या टोकाला. कालथ्याने आणि हाताने उकरायला लागले. कोरडा फोम कुरकुर करत तुटतो, ओला लोण्यासारखा येतो आणि चांगला जड लागतो. ओल्याच्या मागे मागे जायचं. एके ठिकाणी उंदराने पोखरून गादी केली होती, ते उकरताना मी आजपर्यंत आत्यासमोर न वापरलेले शब्द वापरले. कोपर आत गेल्यावर एल्बो, म्हणजे पाइप वळवणारा जोड, हाताला लागला. पाइप आणि एल्बोच्या सांध्यावर केसाएवढी भेग, आणि तिच्या कडेने तसेच पांढरे क्षार. नखाला जाणवते, डोळ्याला जेमतेम दिसते.

शनिवार

प्लंबरना फोटो पाठवला. त्यांचा पहिला सल्ला एम-सीलचा. ड्रेनेजच्या पाइपला मीही तेच केलं असतं. इथे पंप सुरू झाला की सांध्यावर दाब येणार, आणि बाहेरून लिंपल्याने आतला सुटलेला जोड धरत नाही. कापूनच काढायला हवा. तेही त्यांना पटलं, फक्त "जगह किधर है" एवढंच म्हणाले.

मग नागदेवी स्ट्रीट. मस्जिद स्टेशनला उतरून हातगाड्या चुकवत गेलं की दोन्ही बाजूंना सील, बेअरिंग, पट्टे, वाल्व्ह. तिथे जायचा एकच नियम, जुना नग बरोबर न्यायचा. पंपाचं सील मी पिशवीत नेलं होतं. दुकानदाराने कॅलिपर लावला आणि विचारलं, "सोळा एमएम पाहिजे का पाच-अष्टमांश?" पाच-अष्टमांश इंच म्हणजे १५.८७५ मिलिमीटर. डोळ्याला दोन्ही एकच दिसतात. अमेरिकन पंप, तेव्हा इंची. त्याने सीलचा कार्बनचा आणि सिरॅमिकचा गुळगुळीत भाग कागदात गुंडाळून बजावलं, याला बोट लावायचं नाही, हाताचं तेल लागलं तरी बसत नाही. मी शाळेत मुलांना भिंग देताना याच सुरात बोलते.

पाइपाची तीच गोष्ट. पार्ल्याच्या हार्डवेअरवाल्याने 'दीड इंची' म्हणून जो दिला होता तो शेतीत वापरतात तो पन्नास मिलिमीटरचा. टबातला दीड इंची पाइप बाहेरून ४८.३ भरतो. एक पावणेदोन मिलिमीटरचा फरक, पण पन्नासचा पाइप त्या एल्बोत जन्मात शिरला नसता. नागदेवीला शेड्यूल ४०, म्हणजे अमेरिकन मापाचा, म्हणून मागितल्यावर मिळाला, एल्बो आणि कपलरसकट.

रविवार

करवत आत जाईना. प्लंबरनी नुसतं पातं काढलं, एका टोकाला फडकं गुंडाळलं आणि पालथं झोपून अर्धा तास घासत राहिले. आत्या त्यांच्यावर टेबलफॅन धरून उभी. तुकडा निघाला तेव्हा त्यांनी तो उन्हात धरून भेग बघितली आणि म्हणाले की फॅक्टरीतच सोल्यूशन, म्हणजे पाइप चिकटवायचा गोंद, कमी पडलं होतं. सांध्याच्या एका बाजूला खरंच ते पुसटसं लागलं होतं. वीस वर्षं तग धरली म्हणायची.

पुढचं काम त्यांच्या हातचं. टोकं घासली, प्रायमर लावला, दोन्हीकडे सोल्यूशन, आत घालताना पाव फेरा आणि मग हाताने दाबून मनात तीस आकडे. मी नुसती बॅटरी धरली. सीलही त्यांनीच बसवलं. पंपाच्या जोडातल्या ओ-रिंगला, म्हणजे रबरी कडीला, ते खिशातली पेट्रोलियम जेली लावणार होते, ती मात्र लावू दिली नाही. त्याने रबर फुगू शकतं. सिलिकॉन ग्रीस आणलं होतं, ते दिलं.

मंगळवार

चोवीस तास सांधा वाळू दिला. मग पाण्याच्या वेळेत नळी लावून टब भरला. तळाचं पाणी राहिलेलंच होतं, त्यामुळे पाचेकशे लिटरवर भागलं. रात्री पंप बंद, मग दिवसभर चालू. बादली आणि टब दोघांच्या पट्ट्या सारख्या. सांध्याखाली वर्तमानपत्राचा कागद पसरला होता, तो कोरडा. योगायोगाने तलावांच्या पातळीचंच पान होतं.

फोम परत भरायचा नाही असं ठरवलं. बर्फ पडतो तिथे त्याची गरज, पार्ल्यात थोडं वीजबिल वाढेल इतकंच. पुढच्या वेळी कोपर घालायला जागा तरी राहील. उंदरांसाठी आतून जाळी ठोकून घेतली. पंपाच्या बेअरिंगचा आवाज येतोय, तो बघावा लागेल. आत्याने आजच हीटर लावायचा हट्ट धरला, बाहेर चौतीस अंश असताना. नाही लावला.

प्लंबर हिशोबाला आले होते. पैसे मोजून खिशात घातले, चप्पल घातली, आणि फाटकातून परत फिरले. "मॅडम, वो रंगवाला सिरिंज मेरेको देंगे? अंधेरी में एक सोसायटी का स्विमिंग पूल है, छे महिने से लीक है." सिरिंज दिली, आणि आधी पाणी थांबेपर्यंत गळू द्या म्हणून बजावलं. ते म्हणाले की सेक्रेटरी ऐकणार नाही.

आत्या आतून म्हणाली, "सेक्रेटरीला माझा नंबर दे."