‘किर्क’ एवढंच दिसत होतं

स्कॉटलंडमधल्या पॅरिश चर्चच्या स्मारक-खिडकीवरून एखाद्या घराण्याचा माग काढायचा असेल, तर तळाची अक्षरपट्टी पूर्ण वाचून होईपर्यंत एक पेनीही खर्च करू नका. मी केली. सहा पौंड म्हणजे काही मोठी रक्कम नाही, पण भलत्याच माणसांच्या मृत्यूच्या नोंदी विकत घेतल्याचा राग अजून गेलेला नाही.

खिडकी फाइफ या स्कॉटिश परगण्यातल्या एका गावच्या चर्चमध्ये आहे. काचेत मेंढपाळ येशू आणि खाली काळ्या गॉथिक अक्षरांत स्मरणलेख. नाव, आडनाव, कुणाचा मुलगा, सगळं स्वच्छ. शेवटच्या ओळीत मृत्यूचं ठिकाण ‘किर्क’पर्यंत दिसतं आणि तिथून उजव्या कोपऱ्यापर्यंत लाकडी फळी. हीटरचे पाइप झाकायला कुणीतरी नंतर ठोकलेली. वर्षही तिच्याच मागे.

फाइफमध्ये ‘किर्क’ वाचलं की कुणीही तिथलं किर्कॉडी शहरच म्हणणार. स्कॉटलंड्सपीपल या सरकारी संकेतस्थळावर 1 जानेवारी 1855 पासूनच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी आहेत. सूची फुकट शोधता येते, मूळ पानाच्या प्रतिमेला 6 क्रेडिट म्हणजे दीड पौंड. त्या नावाच्या चार नोंदी किर्कॉडीत निघाल्या, चारही घेतल्या. स्कॉटिश मृत्यूनोंदीत आईवडील दोघांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावसुद्धा, त्यामुळे चूक लगेच कळली. चौघांपैकी एकाचेही आईवडील जुळेनात.

फळी काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि इथून अकरा आठवडे गेले.

चर्च कार्यालयाला पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर: जुनी दप्तरं एडिंबराला गेली. मी दप्तरं मागितलीच नव्हती! पुन्हा लिहिलं. तिकडे पाळकाची जागा रिकामी होती आणि हंगामी कारभार पाहणाऱ्याकडे आणखी दोन चर्चं. त्यांनी पत्र मालमत्ता पाहणाऱ्या सदस्याकडे ढकललं. त्यांचं म्हणणं, इमारत संरक्षित यादीत आहे, फळीला हात लावता येणार नाही. फळी चार स्क्रूंवर होती, शे-दीडशे वर्षांच्या काचेला तिचा स्पर्शही नव्हता. ती काढायला प्रेस्बिटरीची, म्हणजे त्या भागातल्या चर्चांवरच्या मंडळाची, परवानगी लागते का, यावर चार आठवडे चर्चा चालली. बाहेरून वाचावं म्हटलं तर तिकडे काचेच्या रक्षणासाठी बसवलेला पॉलिकार्बोनेटचा पत्रा ऊन खाऊन पिवळट, दुधी झालेला. अक्षरं उलटी दिसतील याची तयारी होती, दिसलीच नाहीत.

शेवटी काम झालं ते किल्ली सांभाळणाऱ्या एका वृद्ध एल्डरमुळे, म्हणजे चर्चच्या कारभारी सदस्यामुळे. त्यांनी रविवारच्या प्रार्थनेनंतर स्क्रूड्रायव्हर आणला. दहा मिनिटं.

म्हणून सांगते, पत्र पाळकाला लिहू नका, किर्क सेशन या चर्चच्या कारभारी मंडळाच्या सचिवाला म्हणजे सेशन क्लार्कला लिहा. ‘खिडकीबद्दल माहिती हवी’ असं मोघम लिहिलं तर दप्तराकडे बोट दाखवतात. कोणती भिंत, दारापासून कितवी खिडकी, कुठला कोपरा, किती स्क्रू, कोण काढणार, किती मिनिटं, हे सगळं पहिल्याच पत्रात द्या आणि फळीचा फोटो जोडा. इंग्लंडचं मार्गदर्शन वाचून गोंधळू नका. तिकडे चर्चमधल्या बदलांसाठी डायोसीसची (बिशपच्या प्रांताची) ‘फॅकल्टी’ नावाची परवानगी असते, तिचे कागद शतकानुशतकं साठलेले असतात. स्कॉटिश चर्चमध्ये ती पद्धत नाही.

फळीमागे निघालं ‘किर्की’. आपली खडकी! इंग्रजीत पहिली चार अक्षरं तीच, म्हणून सगळा घोळ. पुण्याच्या माणसाला हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

पुढचं भराभर झालं. हिंदुस्थानात वारलेल्या मुलकी माणसाचा मृत्यू स्कॉटिश नोंदवहीत सहसा सापडत नाही. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात ‘एन/3’ या मालिकेत आहेत. बंगालची एन/1, मद्रासची एन/2. फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या संकेतस्थळावर पाहता येतात. दफनाच्या नोंदीत वय, हुद्दा आणि तारीख मिळते, आईवडील नाहीत. त्यामुळे हाच तो माणूस हे दुसऱ्या वाटेनं सिद्ध करावं लागतं. एक वाट चर्चच्या अंगणातला घराण्याचा दगड: आईवडिलांच्या नावांखाली ‘आणि त्यांचा मुलगा, किर्की इथे वारला’ अशी ओळ असते. दुसरी वाट वारसापत्राची. परदेशात मेलेल्याची स्कॉटलंडमध्ये जंगम मालमत्ता असेल तर त्याची नोंद एडिंबराच्या कोर्टात होते, गावच्या नाही. हे माहीत नसल्यामुळे लोक जिल्ह्याच्या कोर्टाच्या याद्या चाळत बसतात. 1925 पर्यंतची वारसापत्रं स्कॉटलंड्सपीपलवर आहेत, आणि त्यातला व्यवस्थापक हाच पुष्कळदा खिडकीचा दाता असतो.

खिडकीवरची तारीख मरणाची असते, खिडकी बसवल्याची नव्हे. वर्तमानपत्रात उद्घाटनाची बातमी शोधताना निदान दहा वर्षं पुढे जा. बातमीत दाता, कारागीर आणि चित्राचा विषय तिन्ही मिळतात. खिडकीवर 1820 सालचा मृत्यू दिसला तरी काच तेव्हाची समजू नका. धर्मसुधारणेनंतर चित्रांच्या काचा चर्च ऑफ स्कॉटलंडला वर्ज्यच होत्या. एडिंबराच्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये तिथले पाळक रॉबर्ट ली यांनी 1857 मध्ये त्या पुन्हा आणल्या, आणि मग लाटच आली.

देणगी स्वीकारल्याचा ठराव किर्क सेशनच्या इतिवृत्तात सापडू शकतो. ही इतिवृत्तं स्कॉटलंडच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात ‘सीएच 2’ क्रमांकाखाली आहेत, पण नावांची सूची नाही, पानामागून पान वाचावं लागतं. तिथे काही नसेल तर दोन शक्यता. एक, चर्चच्या मालमत्तेबद्दलच्या 1925 च्या कायद्याआधी इमारत गावच्या जमीनदारांच्या म्हणजे हेरिटरांच्या ताब्यात असे, तेव्हा परवानगी त्यांच्या ‘एचआर’ दप्तरात पाहा. दुसरी, खिडकी मुळात या चर्चची नसेलच. 1929 मध्ये युनायटेड फ्री चर्च चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये विलीन झाल्यावर कित्येक गावांत दोन-दोन चर्चं उरली, एक बंद झालं आणि काचा दुसऱ्यात आल्या. तसं असेल तर कागद ‘सीएच 3’मध्ये, म्हणजे फुटून निघालेल्या चर्चांच्या दप्तरात.

फोटो ढगाळ दिवशी काढा. उन्हात फिके रंग जळून जातात आणि अक्षरं नाहीशी होतात. फ्लॅश नको. उजेडाचं माप काचेवरून घ्या, भिंतीवरून नव्हे. गॉथिक लिपीत एन, यू, एम सारखेच उभे दांडे दिसतात, म्हणून प्रत्येक शब्द जवळून वेगळा टिपा.

आणि फळी निघालीच आहे तर कोपऱ्यातली कारागिराची सहीसुद्धा टिपा, ती बहुधा तिथेच असते. मी घाईघाईत फक्त अक्षरं टिपली. फळी परत बसली. सहीसाठी आता पुन्हा त्याच कार्यालयाला पत्र गेलंय, पाचवा आठवडा चालू आहे.