सिद्दी केस सरळ करताना : माझा अनुभव

केस सरळ केल्यावर ते किती सरळ दिसतात, याला मी फारसे महत्त्व देत नाही. पुढच्या वेळी धुतल्यावर ते पूर्वीसारखे वळतात की नाही, यावरून त्यांना इजा झाली की नाही हे कळते. ही एकच कसोटी डोळ्यांसमोर ठेवून मी गेल्या हिवाळ्यात माझे केस सरळ करून घेतले. आमच्यासारख्या केसांविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून तो अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले सिद्दी. पोर्तुगीज काळात पूर्व आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आणि तिथून निसटून घाटावरच्या जंगलात वस्ती केलेल्या लोकांचे आम्ही वंशज असून आमच्या केसांची घट्ट, बारीक वळणे त्याच मुळाची आहेत. माझे शिक्षण मराठी शाळेत झाले आणि आता नोकरीमुळे मी बेळगावात राहते. धाकट्या भावाचे लग्न ठरले, तेव्हा आपल्या केसांची खरी लांबी एकदा पाहावी आणि त्यांचा अंबाडा घालून अबोलीचा गजरा माळावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा उचल खाऊ लागली. माझे केस मला आवडतात आणि ते कायमचे बदलायचे नाहीत, हे मात्र मनाशी पक्के होते.

शहरातल्या ज्या पार्लरमध्ये मी प्रथम चौकशी केली, तिथे केसांना हात लावताच, "एवढ्या राठ केसांना कायमचे स्ट्रेटनिंगच करावे लागेल, साध्या मशीनने काही होणार नाही," असे मला सांगण्यात आले. हा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. आमचे केस हाताला राठ लागतात, दिसायला दाट दिसतात, परंतु तुटण्याच्या बाबतीत ते सर्वांत नाजूक असतात. सरळ केसाचा आडवा छेद बराचसा गोल असतो, तर आमच्या केसाचा चपटा, लंबगोल असतो. प्रत्येक वळणाच्या ठिकाणी केसावर ताण येतो आणि तो तिथेच तुटतो. शिवाय टाळूवरचे नैसर्गिक तेल इतक्या वळणांवरून खाली उतरत नाही, त्यामुळे टोके नेहमी कोरडी राहतात.

कायमच्या स्ट्रेटनिंगमध्ये नेमके काय होते, हे समजून घेतल्यावर माझा नकार पक्का झाला. केसातील केराटिन या प्रथिनाला आकार देणारे बंध मुख्यतः दोन प्रकारचे असतात. हायड्रोजन बंध पाण्याने किंवा उष्णतेने सुटतात आणि केस पुन्हा वाळले किंवा थंड झाले की नव्या आकारात जुळतात. गंधकाचे डायसल्फाइड बंध मात्र रसायनांनीच तोडावे लागतात. परदेशात आफ्रिकी केस कायमचे सरळ करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काही क्रीममध्ये, म्हणजे रिलॅक्सरमध्ये, सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, असतो. आपल्याकडे रिबॉंडिंगसाठी, म्हणजे पार्लरमधल्या कायमच्या स्ट्रेटनिंगसाठी, बहुधा थायोग्लायकोलेट हे रसायन वापरतात. ही दोन्ही रसायने एकाच केसावर पडली, तर केस तुटून हातात येऊ शकतो. केराटिन ट्रीटमेंट हे नाव सौम्य वाटते, पण त्यातील काही मिश्रणे तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड वायू सोडतात आणि तो कर्करोगकारक ठरलेला आहे. २०२२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या एका अभ्यासात, केस सरळ करणारी रसायने वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांना सत्तराव्या वर्षापर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता ४.०५ टक्के, तर ती कधीही न वापरणाऱ्या स्त्रियांना १.६४ टक्के असल्याचा अंदाज मांडला गेला. यावरून रसायन हेच कारण असल्याचे सिद्ध होत नाही, हे मान्य. पण एका लग्नासाठी एवढी जोखीम घ्यावी, असे मला वाटले नाही.

शेवटी बेळगावातल्याच शहापूर भागात घरच्या घरी पार्लर चालवणाऱ्या एका वहिनींकडे मी गेले. त्या म्हणाल्या, "मी असे केस कधी हाताळलेले नाहीत. तुम्ही सांगाल तसे करू, घाई करायची नाही." या एका वाक्यावर मी त्यांची निवड केली. त्यांनी प्रथम मानेजवळची, आतली एकच बट सरळ केली. मी ती घरी जाऊन धुतली आणि ती पूर्ववत वळली, तेव्हाच पुढची तारीख ठरवली. ही चाचणी टाळू नये, असे मी आग्रहाने सांगेन. लग्न माघात असल्यामुळे हवा कोरडी होती, हेही सोयीचे झाले. खानापूरकडच्या पावसाळी हवेत हायड्रोजन बंध पुन्हा सुटतात आणि दिवसभराची मेहनत संध्याकाळपर्यंत फुगून जाते.

यातील खरे काम स्ट्रेटनरच्या तापलेल्या पट्ट्या केसांना लागण्यापूर्वीचे आहे. केस धुण्याच्या आदल्या रात्री मी त्यांना खोबरेल तेल लावून ठेवले. धुण्यापूर्वी लावलेले हे तेल केसाच्या आत शिरते आणि प्रथिनांची झीज कमी करते, असे भारतीय संशोधकांच्या २००३ सालच्या अभ्यासात दिसून आले आहे; सूर्यफुलाच्या तेलात हा गुण आढळला नव्हता. बोअरच्या जड पाण्याने केसांवर क्षारांचा थर बसतो, म्हणून राकसकोप जलाशयाचे नळाचे पाणी येण्याच्या दिवशीच मी केस धुतले आणि तेलाचा अंश राहू नये म्हणून शाम्पू नीट लावला. त्यानंतर भरपूर कंडिशनर लावून, केस ओले आणि बुळबुळीत असतानाच, आधी बोटांनी आणि मग रुंद दातांच्या फणीने टोकांपासून वर वर जात गुंता सोडवला. सरळ केसांच्या मैत्रिणी कोरड्या केसांत फणी घालतात. आमच्या केसांत तसे केल्यास निम्मे नुकसान तिथेच होते.

केस वाळवण्यासाठी गरम ड्रायर मी वापरलाच नाही. नायजेरियातील योरुबा स्त्रिया केसांच्या बटेला मुळापासून टोकापर्यंत दोरा घट्ट गुंडाळतात. त्या रीतीने मी सुती दोरा बांधला, मात्र टाळू ओढली जाणार नाही इतपत सैल. सतत ताण पडला तर कपाळाच्या कडेचे केस कायमचे विरळ होऊ शकतात. रात्रभरात केस पूर्ण वाळले आणि उष्णतेशिवायच बरेचसे ताणले गेले.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी उष्णतेपासून संरक्षण देणारे सिलिकॉनयुक्त सीरम प्रत्येक बटेला थोडे थोडे लावले. स्ट्रेटनरवर तापमानाचा आकडा दिसणे मी अनिवार्य मानते. त्यांच्या मशीनवर तो दिसत होता आणि आम्ही १७० अंश सेल्सिअसच्या वर गेलो नाही. बोटभर रुंदीची बट घेऊन पुढे फणी आणि मागोमाग पट्टी, अशी एकदाच, संथपणे फिरवायची. कमी तापमानावर पाच वेळा फिरवण्यापेक्षा पुरेशा तापमानावर एकदा फिरवणे केसाला मानवते. ओलसर बटेवर पट्टी कधीही ठेवू नये. आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात आणि तो तिथून मोडतो. चर्र असा आवाज आला, तर तिथेच थांबावे.

या सगळ्यात दुपार सरली. केस पाठीच्या मध्यापर्यंत आले, तेव्हा वहिनी माझ्याइतक्याच हरखल्या. नंतर रात्री मी ते जुन्या रेशमी साडीच्या तुकड्यात गुंडाळून झोपत असे, कारण सुती उशी ओलावा शोषते आणि घासते. तेल किंवा पाणी लावले नाही, पुन्हा पट्टीही फिरवली नाही. हल्याळहून आलेल्या मावशीने हळदीच्या दिवशी स्वतः अंबाडा घालून दिला.

लग्नाची गडबड संपल्यावर मी केस धुतले. वळणे परतली, टोकांना फाटे फुटलेले आढळले नाहीत, फणीत नेहमीएवढेच केस आले. कपाळालगतचे केस मुळातच बारीक असल्यामुळे तेवढ्या एका बटेचे वळण किंचित सैल वाटले आणि ती नेहमीच्या आकारात यायला केस आणखी काही वेळा धुवावे लागले. यापुढे त्या भागाला पट्टी लावायची नाही, तिथे फक्त दोरा बांधायचा, हे मी वहिनींना कळवले आहे. आणि पुढचा हिवाळा येईपर्यंत बाकीच्या केसांनाही उष्णतेपासून दूरच ठेवणार आहे.