व्हॉल्यूमला सगळं आठवतं

संक्रांतीच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी आमच्या गावच्या वाचनालयाची देवघेव मी बंद पाडली. पडली म्हणत नाही, पाडलीच.

काम फुटकळ होतं. पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे फोटो चढत नव्हते, कारण वेगळं सांगितलं नाही तर एनजिनएक्स (ब्राउझरची मागणी आधी झेलणारा वेब सर्व्हर) १ एमबीपेक्षा मोठं काही आत घेत नाही. मर्यादा वाढवणारी चार ओळींची फाईल लिहिली, ती डॉकर कंपोजच्या फाईलमध्ये (कुठले प्रोग्राम एकत्र कसे चालवायचे त्याची यादी) जोडली, ‘डॉकर कंपोज अप -डी’ मारलं आणि चहाला गेलो. परत आलो तर काउंटरवर चार माणसं खोळंबलेली आणि पडद्यावर ५०२ बॅड गेटवे, म्हणजे एनजिनएक्सला मागून नीट उत्तर मिळत नाही.

“अरे, मघापर्यंत चाललं होतं की,” ग्रंथपाल काका म्हणाले.

सॉफ्टवेअरमध्ये बारा वर्षं काढली, पण या वाक्यावर काय बोलावं ते अजून सुचत नाही. काकांनी ड्रॉवरमधून जुनी वही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि लोकांना पुस्तकं द्यायला सुरुवात केली. हा त्यांचा निषेध होता की मदत, ते कळलं नाही.

मांडणी सांगतो. ४ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप, त्यावर उबुंटू. कंटेनर (आपापल्या डब्यात वेगळे चालणारे प्रोग्राम) पाच: पुढे एनजिनएक्स, मागे जँगोचं वेब अॅप, डेटासाठी पोस्टग्रेस १५, रांगेसाठी रेडिस, आणि बारकोडची लेबलं छापायला एक वर्कर. या मांडणीतल्या पहिल्या ठेचा मी दोन वर्षांपूर्वीच खाल्ल्या होत्या. कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतःच. शेजारच्या डेटाबेसला हाक मारायची तर सर्व्हिसच्या नावाने, आमच्याकडे ‘डीबी’. बाहेरून पोर्ट ५४३३ दिलेला असला तरी आतल्या आत ५४३२च. वर्कर १३७ क्रमांक टाकून मरत होता तेव्हा ते बाहेरून मारलं गेल्याचं लक्षण असतं आणि बहुतेक वेळा रॅम संपलेली असते, हेही शिकून झालं होतं. त्यामुळे त्या शनिवारी मी स्वतःला शहाणा समजत होतो.

साहजिकच पहिला संशय एनजिनएक्सवर, कारण हात त्यालाच लावला होता. बदल मागे घेतला. ५०२ तसंच. मग ‘डॉकर कंपोज पीएस’ पाहिलं: एनजिनएक्स निवांत, डेटाबेस निवांत, वेब मात्र दर काही सेकंदांनी रीस्टार्ट. पाचही कंटेनरचे लॉग एकत्र पाहिले की रंगीबेरंगी ओळींचा पूर येतो आणि काही कळत नाही, म्हणून फक्त वेबचा लॉग उघडला. तळाशी एकच रडगाणं: पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड.

पासवर्ड? तो मी दिवाळीत बदलला होता. जुना पासवर्ड पिवळ्या चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलेला होता, म्हणून .एन्व्ह या सेटिंग्जच्या फाईलमध्ये नवा टाकला, ‘डॉकर कंपोज रीस्टार्ट’ केलं, सगळं नीट सुरू झालं आणि चिठ्ठी फाडून पुण्याला आलो. त्यानंतर अडीच महिने देवघेव बिनतक्रार चालू होती. चुकीच्या पासवर्डवर अडीच महिने अॅप चालेल कसं?

म्हणून पासवर्ड सोडून बाकी सगळं तपासलं. ‘डॉकर कंपोज कॉन्फिग’ने फाईलमधले सगळे व्हेरिएबल भरून दाखवले: नवा पासवर्ड दोन्हीकडे तोच. वेब कंटेनरला दिलेले व्हेरिएबल छापले: तिथेही तोच. डेटाबेसच्या कंटेनरमध्ये शिरून पीएसक्यूएल (पोस्टग्रेसशी बोलायची कमांड) चालवलं आणि थेट आत गेलो. पुस्तकांची यादी समोर. म्हटलं, बघा, डेटाबेस ठणठणीत आहे, पासवर्डही चालतोय, गोंधळ अॅपमध्येच असणार. मग जँगोच्या सेटिंग्जच्या मागे लागलो. यात दोन तास गेले. काउंटर बंद झालं, काकांनी पुढचा दिवा मालवला, ते मात्र खुर्चीवर बसून राहिले.

शेवटी लक्षात आलं ते इतकं साधं होतं की लिहायला लाज वाटते. पीएसक्यूएलने मला पासवर्ड विचारलाच नव्हता.

पोस्टग्रेसची अधिकृत इमेज (ज्यावरून कंटेनर बनतो तो साचा) त्याच कंटेनरच्या आतून येणाऱ्याला घरचा समजते आणि न विचारता आत घेते. नेटवर्कवरून येणाऱ्याला मात्र दारात अडवते. मी चाचणी घेतली ती घरात बसून, आणि कुलूप उघडतंय असा निष्कर्ष काढला. मग त्याच कंटेनरमधून, पण होस्ट म्हणून ‘डीबी’ हे नाव देऊन पीएसक्यूएल चालवलं. आता त्याने पासवर्ड विचारला. नवा टाकला: नापास. फाडलेल्या चिठ्ठीवरचा जुना टाकला: आत.

डेटाबेसचा लॉग अगदी वरपासून वाचला तेव्हा त्यात एक ओळ होती, जी मी संध्याकाळपासून चारदा ओलांडली होती: डिरेक्टरीत आधीच डेटाबेस दिसतोय, म्हणून इनिशियलायझेशन वगळतोय, अशा अर्थाची. इमेजला दिलेला पासवर्डचा व्हेरिएबल वाचला जातो तो फक्त जन्माच्या वेळी, डेटाचा व्हॉल्यूम (कंटेनर गेला तरी टिकणारी साठवणीची जागा) रिकामा असताना. नंतर .एन्व्हमध्ये काहीही लिहा, डेटाबेसला त्याचं सोयरसुतक नसतं. त्याचा पासवर्ड व्हॉल्यूममध्ये आहे, फाईलमध्ये नाही.

मग अडीच महिने कसं चाललं? रीस्टार्टमुळे. ‘रीस्टार्ट’ म्हणजे आहे तोच कंटेनर बंद करून पुन्हा चालू करणं; .एन्व्हमधला बदल त्याच्यापर्यंत पोचत नाही. दिवाळीत मी फाईल बदलली, पण वेब जुनाच पासवर्ड घेऊन चालत राहिला, डेटाबेसही जुन्यावरच, आणि दोघांचं छान जमलं. संक्रांतीला एनजिनएक्ससाठी ‘अप’ केलं तेव्हा कंपोजने बदल ताडला आणि वेब नव्याने उभा केला. दिवाळीत केलेली चूक संक्रांतीला फुटली, तीही एनजिनएक्सच्या नावावर.

हे कळण्याच्या आधीचा एक प्रसंग सांगायचा राहिला. रात्री साडेआठच्या सुमारास वैतागून मी इंटरनेटवरचा ठरलेला उपाय टाइप करत होतो: ‘डॉकर कंपोज डाउन -व्ही’, आणि मग पुन्हा ‘अप’. लॅपटॉपवर मी तो शंभरदा वापरलाय आणि तो दरवेळी लागू पडतो.

“आता काय करतोयस?” काकांनी विचारलं.

“सगळं पुसून नव्याने लावतो.”

“सगळं म्हणजे काय काय?”

साडेअकरा हजार पुस्तकं, सहाशे सभासद, वर्गणी, अनामत. त्या ‘-व्ही’चा अर्थ व्हॉल्यूमही उडव असा होतो. “बॅकअप आहे, काका,” मी म्हणालो आणि खात्री करायला पेनड्राइव्ह उघडला. रोज रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी कमांड चालवणारा प्रोग्राम) बनवलेली फाईल, नावात तारीख, ओळीने सगळ्या. आकार पाहिला: ० बाइट, ० बाइट, ० बाइट.

क्रॉनमधल्या कमांडीत ‘एक्झेक’नंतर (चालू कंटेनरच्या आत कमांड चालवायचा शब्द) ‘-टी’ (कॅपिटल टी) लिहायचं राहिलं होतं. आमच्या कंपोजच्या आवृत्तीत समोर टर्मिनल नसेल तर त्याशिवाय कमांड कुरकुरायची आणि थांबायची. पण तिचं आउटपुट ज्या फाईलकडे वळवलेलं असतं ती रिकामी फाईल तोवर तयार झालेली असते. मी हाताने चालवून पाहिलं होतं तेव्हा टर्मिनल समोर होतं, म्हणून चाललं. रात्री अडीचला वाचनालयात टर्मिनल घेऊन कोण बसणार?

अर्धवट टाइप केलेली ती ओळ पुसली. आधी ‘-टी’ घालून पीजी-डंप (डेटाबेसची पूर्ण नक्कल) घेतला, दोन ठिकाणी ठेवला. डंपचा शेवटही पाहिला. साधा मजकुराचा डंप पूर्ण झाला की ‘डेटाबेस डंप कंप्लीट’ असं तिथे लिहिलेलं असतं. नसेल तर फाईल कितीही मोठी असो, ती अर्धीच आहे. काकांना यातलं काही सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय.

पासवर्डचा इलाज अर्ध्या मिनिटाचा निघाला. पीएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश पासवर्ड ही कमांड देऊन नवा पासवर्ड दोनदा टाकला, बस. वेब पुढच्याच रीस्टार्टला उभा राहिला. वर्करही.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण रविवारी सकाळी काका म्हणाले, “त्या फोल्डरचं नाव जरा बरं ठेव ना, कोणी बघितलं तर काय म्हणेल.” फोल्डरचं नाव होतं ‘टेस्ट२फायनल’. त्यांचं म्हणणं रास्त होतं. कंटेनर खाली घेतले, फोल्डरचं नाव ‘ग्रंथालय’ केलं (इंग्रजी अक्षरांत), ‘अप’ केलं. काही तक्रार नाही, पाचही हिरवे. पान उघडलं: एकूण पुस्तके ०.

काका माझ्या मागेच उभे होते. काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसला.

आदल्या रात्रीने एक केलं होतं: फाईल उघडायच्या आधी मी ‘डॉकर व्हॉल्यूम एलएस’ मारलं. दोन व्हॉल्यूम. एकाच्या नावाची सुरुवात टेस्ट२फायनलने, दुसऱ्याची ग्रंथालयने. वेगळं नाव दिलं नाही तर कंपोज फोल्डरच्या नावालाच प्रोजेक्टचं नाव मानतो आणि व्हॉल्यूमच्या नावापुढे ते लावतो. फोल्डर बदलला, म्हणजे त्याच्या दृष्टीने हे नवं बिऱ्हाड. त्याने नवा रिकामा व्हॉल्यूम बनवला आणि पोस्टग्रेसने त्यात इमानाने नवा डेटाबेस जन्माला घातला. जुना व्हॉल्यूम कुठेही गेला नव्हता, फक्त त्याला कोणी विचारत नव्हतं. कंपोजच्या फाईलमध्ये सगळ्यात वर ‘नेम’ ही ओळ घालून जुनं नाव लिहिलं, पुन्हा ‘अप’, साडेअकरा हजार पुस्तकं परत. आता फोल्डर ग्रंथालय आणि आतून प्रोजेक्ट टेस्ट२फायनल. काकांना फोल्डरच दिसतो.

दुपारी जेवण झाल्यावर तो डंप खरोखर परत चढतो का, ते लॅपटॉपवर पाहायला बसलो. परत न चढवलेला बॅकअप म्हणजे नुसती फाईल, हे मला एव्हाना पटलं होतं. रिकामा व्हॉल्यूम, डंप पोस्टग्रेसच्या इमेजच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टांच्या फोल्डरमध्ये ठेवला (त्यातलं सगळं ती पहिल्यांदा सुरू होताना चालवते), ‘अप’. डेटाबेस ‘हेल्दी’ झाला, वेब सुरू झाला आणि लगेच पडला: कनेक्शन रिफ्यूज्ड. पुन्हा ‘अप’ केलं तर सगळं चालू. व्हॉल्यूम पुसून पुन्हा केलं: पहिल्यांदा पडतो, दुसऱ्यांदा चालतो.

असं दुसऱ्यांदा चालणारं काही दिसलं की बहुतेक जण ‘चाललं ना’ म्हणून सोडून देतात. मीही आजवर सोडत आलोय. या वेळी लॉगमधल्या वेळा लावून पाहिल्या. नुसत्या ‘डिपेंड्स ऑन’ने कंपोज फक्त कंटेनर सुरू होण्याची वाट पाहतो, आतला डेटाबेस तयार होण्याची नाही, हे माहीत होतं; म्हणून ‘हेल्दी’ची अट आणि पीजी-इझरेडीची (पोस्टग्रेस तयार आहे का ते विचारणारी कमांड) तपासणी आधीपासूनच होती. पण व्हॉल्यूम रिकामा असतो तेव्हा इमेज आधी एक तात्पुरता पोस्टग्रेस उभा करते, त्यावर डंप चढवते, मग तो बंद करून खरा सुरू करते. तात्पुरता फक्त आतल्या सॉकेटवर (त्याच कंटेनरमधल्यांसाठीची वाट) ऐकतो, नेटवर्कवर नाही. माझी तपासणी सॉकेटवरूनच विचारत होती, “तयार का?” आणि तो म्हणत होता, “तयार.” वेब नेटवर्कवरून जायचा तर दार बंद. म्हणजे पुन्हा तेच, मी घरात बसून दार वाजवत होतो. पीजी-इझरेडीला होस्ट म्हणून १२७.०.०.१ दिलं, म्हणजे तपासणीही नेटवर्कच्या वाटेने जाते. तीनदा पुसून तीनदा लावलं. तिन्ही वेळा पहिल्या फटक्यात चाललं.

संध्याकाळी निघण्याआधी काकांनी दाखलखातं काढलं, जाडजूड, कापडी पुठ्ठ्याचं. शेवटचा दाखल क्रमांक त्यांनी बोट ठेवून वाचला: ११,४८६. पडद्यावर ११,४८४.

माझ्या पोटात पुन्हा गोळा. डंप, व्हॉल्यूम, दोन नावं, कुठे दोन पुस्तकं सांडली? टर्मिनल उघडलंच होतं, तेवढ्यात काका म्हणाले, “थांब थांब. काल तुझं बंद होतं तेव्हा दोन दिवाळी अंक दाखल केले मी, वहीत.”

त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि एका बोटाने एकेक अक्षर शोधत ते दोन अंक टाइप करायला घेतले. मी शेजारी उभं राहून क्रॉनची ओळ पुन्हा एकदा वाचली.