साताऱ्याहून केनियाला, एकट्याने: निघण्याआधीची तयारी

दोन-तीन महिने एकट्याने परदेशी जायचं, थोडं फिरायचं आणि थोडं स्वयंसेवी कामही करायचं, असं ठरलं की बहुतेक जण पहिल्यांदा स्वस्त तिकीट शोधायला बसतात. माझं स्पष्ट मत आहे की काम ठरण्याआधी तिकीट काढू नये. आधी काम पक्कं करा. कुठल्या गावात, काय काम, किती आठवडे, एवढं ठरलं की परवाना कुठला, लशी कुठल्या, विमा कसला, बूट कसले आणि फिरायचे दिवस कुठे बसवायचे, हे आपोआप उलगडत जातं. उलट्या क्रमाने गेलं की प्रत्येक गोष्ट दोनदा करावी लागते.

केनिया निवडायचं कारण सांगतो. नैरोबीपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर मचाकोस आणि त्याच्या पलीकडे मकुएनी हा भाग आपल्या माण-खटावसारखाच कोरडा आहे. पाणी आणि माती अडवायचं काम तिथे अनेक वर्षं चालू आहे. पावसाळ्यापुरत्या वाहणाऱ्या नदीत आडवी भिंत घालतात, तिच्या मागे वाळू साचते आणि पाणी त्या वाळूत राहतं, त्यामुळे उन्हाने फारसं उडून जात नाही. वॉटर कपच्या, म्हणजे गावागावांतल्या पाणी अडवण्याच्या स्पर्धेच्या काळात इथे श्रमदान केलेल्या माणसाला तिथे खरंच हातभार लावता येतो. कोरेगाव तालुक्यातलं वेळू २०१६च्या पहिल्या वॉटर कपमध्ये पहिलं आलं होतं, तेव्हा समपातळी रेषा (उतारावर एकाच उंचीवरून जाणारी रेषा) म्हणजे काय हे आपल्या जिल्ह्यात नव्याने सांगावं लागत नाही.

तरी एक फरक जायच्या आधीच समजून घ्या. आपल्याकडे सीसीटी, म्हणजे सलग समपातळी चर खणताना चरातली माती उताराच्या बाजूला टाकून बांध घालतात. तिकडची ‘फान्या जू’ पद्धत उलटी आहे. माती चढाच्या बाजूला फेकायची, म्हणजे बांध वर आणि चर खाली. वरच्या शेतातून वाहून येणारी माती बांधाला अडते आणि काही वर्षांत शेत पायरीसारखं सपाट होत जातं. माती वर फेकायची असल्याने कष्ट जास्त आहेत, पण त्यांना पीक घ्यायला सपाट पट्टा हवा असतो. आपण मुरमाड डोंगरउतारावर मुख्यतः पाणी मुरवायला चर खणतो, त्यांचं काम पेरणीच्या शेतात चालतं. हे न कळता ‘आमच्याकडे असं करतात’ म्हणून फावडं चालवायला लागलो तर मदत राहते बाजूला आणि गावकऱ्यांचंच काम वाढतं.

संस्था निवडताना तीन प्रश्न विचारा. स्वयंसेवक नसतात तेव्हा हेच काम कोण करतं? राहण्या-जेवणाचे पैसे घेता त्यातले कशावर किती जातात? पोलीस पडताळणीचा दाखला मागता का? पहिल्याचं उत्तर ‘कोणीच नाही’ असेल तर ते काम बहुधा पाहुण्यांसाठी उभं केलेलं आहे. अनाथाश्रमात महिनाभर मुलांबरोबर राहण्याचे जे कार्यक्रम असतात, ते मी कोणालाच सुचवणार नाही. दर महिन्याला नवा माणूस येतो, मुलांना लळा लावतो आणि निघून जातो. शिवाय पाहुण्यांचे पैसे येतात म्हणून आईवडील असलेली मुलंही अशा ठिकाणी ठेवली जातात, हे अनेक देशांत दिसून आलेलं आहे.

आता कागदपत्रं. पासपोर्ट नसेल तर साताऱ्यात पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात काम होतं, मुख्य कार्यालय पुण्याचं. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर आणखी २,०००. आधीच असेल तर केनियात उतरायच्या दिवसापासून पुढे किमान सहा महिने मुदत आणि कोरी पानं शिल्लक आहेत का ते बघा. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटचा अर्जही पासपोर्टच्याच संकेतस्थळावर होतो, फी ५०० रुपये. हा दाखला फार आधी काढू नका, कारण सहा महिन्यांपेक्षा जुना बऱ्याच संस्था चालवून घेत नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो प्रवेश-परवान्यात. जानेवारी २०२४पासून केनियाने व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे निघण्याआधी ऑनलाइन घ्यायची प्रवेश-परवानगी सुरू केली. फी ३० डॉलरच्या आसपास, अर्ज ऑनलाइन, सोबत राहण्याचं ठिकाण आणि परतीचं तिकीट. नावात केनिया आणि ईटीए असलेल्या खासगी साइट्स दुप्पट-तिप्पट पैसे घेतात, म्हणून पत्त्याच्या शेवटी ‘गो डॉट केई’ आहे ना ते तपासा. आणि हे परत वाचा: पर्यटनाच्या ईटीएवर काम करता येत नाही, बिनपगारी असलं तरी. त्यासाठी स्पेशल पास किंवा परमिट लागतं आणि त्याचा अर्ज तिथल्या यजमान संस्थेच्या पत्रावर होतो. ‘पर्यटक म्हणूनच या, कोणी विचारत नाही’ असं संस्था म्हणाली तर दुसरी संस्था बघा. पकडलं तर दंड आणि हकालपट्टी तुमच्या वाट्याला येते.

लशींची सुरुवात निघायच्या दोन महिने आधी करा. पिवळ्या तापाची लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. आपल्याला जवळचं म्हणजे पुणं. एका कुपीत अनेक डोस असतात आणि ती उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक वारी, नोंदणी करूनच बोलावतात. पासपोर्ट बरोबर न्या. लस घेतल्याचं जे पिवळं कार्ड मिळतं, त्यावरचं नाव आणि पासपोर्ट नंबर टेबल सोडण्यापूर्वी अक्षर न्‌ अक्षर जुळवून घ्या. कार्ड दहाव्या दिवसापासून लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. ते नसेल तर केनियाहून परत येताना भारतातच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील किंवा वय साठीच्या पुढे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. त्याखेरीज हिपॅटायटिस ए, टायफॉइड आणि धनुर्वात. कामात जनावरांशी संबंध येणार असेल तर रेबीजचे आगाऊ दोन डोस, पहिला आणि सात दिवसांनी दुसरा.

मलेरियाच्या गोळ्या कामाच्या गावावर अवलंबून आहेत. नैरोबीत धोका कमी, मोम्बासाचा किनारा आणि व्हिक्टोरिया सरोवराचा भाग मात्र जोखमीचा. डॉक्सिसायक्लिन ही गोळी दिली तर रोज एक, जोखमीच्या भागात पोचायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून तिथून निघाल्यावर चार आठवडे. तिने ऊन लवकर बाधतं आणि विषुववृत्तावर उघड्यावर खणायचं आहे, हे डॉक्टरांना सांगून गोळी ठरवा. विमा घेताना ‘अंगमेहनतीचं स्वयंसेवी काम’ पॉलिसीत धरलंय का ते लेखी घ्या. स्वस्त पॉलिसी नेमकं तेच वगळतात.

कधी जायचं? मार्च ते मे मोठा पाऊस आणि ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा. चर पावसाआधी खणतात, म्हणून जानेवारी-फेब्रुवारी किंवा ऑगस्ट-सप्टेंबर. मी जानेवारी-फेब्रुवारी म्हणेन. मसाई मारा अभयारण्यात परदेशी माणसाला प्रवेशाचे जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर पडतात आणि जुलै ते डिसेंबर २००. स्थलांतर करणाऱ्या विल्डबीस्टचे (गाईसारख्या दिसणाऱ्या हरणांचे) मोठे कळप जुलै ते ऑक्टोबरमध्ये येतात, ते हुकतील. पण सिंह, हत्ती, जिराफ वर्षभर असतात आणि कोरड्या हवेत अंबोसेली उद्यानातून किलिमांजारो पर्वत दिसायची शक्यताही चांगली असते. नैरोबी ते मोम्बासा ही २०१७ला सुरू झालेली रेल्वे त्सावो राष्ट्रीय उद्यानातून जाते. दिवसाची गाडी घ्या, खिडकीतूनही हत्ती दिसू शकतात.

बॅग भरताना आपली एक सवय मोडावी लागते, ती म्हणजे प्रत्येक वस्तू कॅरीबॅगमध्ये गुंडाळणं. केनियात ऑगस्ट २०१७पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे. कपड्यांसाठी जुन्या साडीच्या पिशव्या शिवून घ्या, मसाले डब्यात भरा. राष्ट्रीय उद्यानांत २०२०पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकलाही मनाई आहे, म्हणून पाण्याची स्टीलची बाटली हवीच. बियाणं अजिबात नेऊ नका, मुठभर देशी ज्वारीसुद्धा नाही, त्याला वेगळा परवाना लागतो. विमान दुबईमार्गे असेल तर गोड्या मसाल्यात खसखस नाही ना ते घरच्यांना विचारा, अमिरातीत खसखस बेकायदा आहे. नैरोबीची उंची सुमारे १,८०० मीटर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही जास्त. जाड स्वेटर घ्याच. प्लग ब्रिटिश धर्तीचे, चौकोनी तीन पिनांचे. बूट घोट्याच्या वरपर्यंतचे घ्या आणि महिनाभर अजिंक्यतारा-यवतेश्वर चढून मऊ करा.

पैशाचं म्हणाल तर तिथे एम-पेसाशिवाय, म्हणजे मोबाइलवरून पैसे देण्या-घेण्याच्या सेवेशिवाय पान हलत नाही. विमानतळावर पासपोर्ट दाखवून सिम घ्या, तिथेच एम-पेसा सुरू करून घ्या आणि पुढे कुठल्याही एजंटकडे रोख देऊन खात्यात भरा. एटीएमने ‘रुपयात आकारू का?’ विचारलं तर नाही म्हणा, शिलिंगच निवडा. भारतातून निघताना परकी नोटा ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात. गावात गाडीची वेळ विचारताना एक ध्यानात ठेवा: स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. त्यांचे सकाळचे दोन म्हणजे आपल्या घड्याळात आठ.

साताऱ्याहून मुंबईला रात्रीची महालक्ष्मी मिळते, पण विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोचा. रस्त्याने निघालात आणि खंबाटकी किंवा बोरघाटात ट्रक आडवा झाला तर कुठलीच एअरलाइन थांबत नाही.

परत आल्यावर मलेरियाची उरलेली गोळ्यांची पट्टी संपवायचीच. पुढच्या तीन महिन्यांत कधीही ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘मी केनियाहून आलोय’ हे सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासा. आफ्रिकेतला फाल्सिपेरम मलेरिया दोन दिवसांत गंभीर होऊ शकतो, आणि साधा व्हायरल समजून थांबायला तेवढा वेळ नसतो.