मालगाडीची बोट, मोटारींच्या नावावर

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, लडिंग्टनच्या धक्क्यावर एका पोराने गाडीची किल्ली मागितली. आपली गाडी आपण बोटीत चढवायची नसते, हे मला माहीतच नव्हतं. किल्ली दिली, पण गाडी त्या अंधाऱ्या पोटात शिरेपर्यंत नजर हलली नाही.

बोटीचं नाव एसएस बॅजर. मिशिगन सरोवर ओलांडून ६० मैलांवरच्या, विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅनिटोवॉकला ती चार तासांत पोचते. मधे कुठलाच किनारा दिसत नाही. पाणी गोडं असलं तरी याला तळं म्हणायला जीभ धजावत नाही.

खरं तर ही बोट मोटारींसाठी बांधलेलीच नाही. सरोवराला वळसा घालून जाताना शिकागोच्या रेल्वे यार्डांत माल अडकून पडायचा. तो वळसा टाळायला रेल्वेवाले मालगाडीचे डबेच्या डबे बोटीवर चढवून थेट पलीकडे न्यायचे. लडिंग्टन-मॅनिटोवॉक मार्गावर हे १८९७पासून चालू होतं. चेसापीक अँड ओहायो रेल्वेची ४१० फुटी बॅजर आली ती १९५३ साली. १९९० मध्ये ती बंद पडली. भंगारातच जायची, पण चार्ल्स कॉनरॅड या लडिंग्टनच्याच उद्योजकाने ती विकत घेतली आणि १९९२पासून ती माणसं आणि मोटारी नेऊ लागली. तिची जुळी बहीण स्पार्टन मात्र लडिंग्टनलाच बांधून ठेवलीय. तिचे सुटे भाग काढून हिला बसवतात.

वरच्या डेकवर कठड्याला हात टेकला, तर तळव्याला काजळी. आजही बॉयलर कोळशावरच चालतो. अमेरिकेत अशी प्रवासी बोट आता ही एकटीच. मला त्या धुराच्या वासाने उगाच बरं वाटलं. मग आठवलं, २०१४च्या हंगामापर्यंत या कोळशाची राख सरळ सरोवरात सोडली जायची. ज्याचं पाणी काठावरची शहरं पितात, त्या सरोवरात! पर्यावरण खात्याने कोर्टामार्फत मुदत घातली तेव्हा कुठे राख बोटीतच साठवून किनाऱ्यावर उतरवायची सोय झाली. २०१६ मध्ये बोटीला राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला. मिळायलाच हवा होता, पण राखेचं शहाणपण आपणहून सुचलं असतं तर बरं झालं असतं.

मॅनिटोवॉक जवळ आलं तसं मोबाइलमधलं घड्याळ एक तास मागे गेलं; पलीकडचा वेळ-पट्टा वेगळा. चार तासांचा प्रवास घड्याळात तीनच तासांचा झाला. उतरल्यावर गाडी मिळाली, एकही ओरखडा नव्हता. सीट तेवढी पार मागे सरकवलेली; पोरगं चांगलंच उंच असणार.